पुण्यातील व्हेन क्लिनिक: उपचार चोख, समजावून सांगणे अपुरे

व्हेरिकोज व्हेन्सवर, म्हणजे पायांतील फुगलेल्या शिरांवर, लेझर करून घेण्यासाठी मी पुण्यातील जे क्लिनिक निवडले, त्याच्या जाहिरातीत ‘टाके नाहीत, त्याच दिवशी घरी’ एवढेच ठळक होते. माझ्या मते मात्र अशा सेवेची पारख, क्वचितच होणाऱ्या गुंतागुंतींची तेथे कितपत दखल घेतली जाते यावरून करावी.

तपासणीत कसूर नव्हती. मला उभे करून, पोटरी दाबून सोडत डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, केली गेली आणि शिरांतील झडपा कोठे निकामी झाल्या आहेत ते पडद्यावर दाखवून मार्करने पायावर खुणा केल्या गेल्या. पोटरीच्या खालच्या भागात लेझर का टाळतात, हेही डॉक्टरांनी नेमके सांगितले: तेथे मज्जातंतू शिरेला अगदी लगटून जातो, त्यामुळे उष्णतेने इजा झाल्यास घोट्याच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहू शकतो. शिरेभोवती टोचतात ते भुलीचे पातळ द्रावणही केवळ वेदनेसाठी नसते, तर आसपासची त्वचा भाजू नये यासाठीही असते.

उरलेल्या शिरांत दोन सिरिंजांमध्ये हवेबरोबर घुसळलेला पॉलिडोकॅनॉल या शिरा बंद करणाऱ्या औषधाचा फेस सोडला. सुमारे चौघांतील एकाच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधील पडद्यात जन्मापासूनची फट उघडी असते. तीतून बुडबुडे मेंदूकडे गेल्यास नजर धूसर होते, अर्धशिशी उठते आणि अगदी विरळा पक्षाघातही होतो. अर्धशिशीचा त्रास आहे का, हे मला फेस तयार झाल्यावर विचारण्यात आले. हा प्रश्न पहिल्याच भेटीत यायला हवा होता.

खरी नाराजी संमतीपत्राबद्दल आहे. ते इंग्रजीत होते आणि कपडे बदलून झाल्यावर हातात पडले. लेझरने बंद केलेल्या शिरेतील गुठळी जांघेपाशी मुख्य शिरेत सरकू शकते आणि तेथून, फार क्वचित का होईना, फुफ्फुसापर्यंत पोहोचू शकते, ही बाब त्यात एका ओळीत उरकली होती. आठवड्याच्या आत केलेली दुसरी डॉपलर याचसाठी होती आणि ती पॅकेजमध्येच धरलेली होती, हे कौतुकास्पद आहे. परंतु कारण न सांगितल्यामुळे बरे वाटणारा रुग्ण ती सहज टाळेल.

पोटरी एकाएकी सुजली किंवा दम लागला तर रात्री कोणाला फोन करायचा, हेही डिस्चार्जच्या कागदावर नव्हते. विचारल्यावर रिसेप्शनवरील ताईंनी तो नंबर पेनाने लिहून दिला.