आखेनमधलं एक्स्चेंज सेमेस्टर: सगळं पार पडल्यावर लिहिलेला अनुभव

पुण्यातल्या एका स्वायत्त इंजिनीअरिंग कॉलेजमधून मेकॅनिकलच्या सातव्या सेमेस्टरसाठी मी जर्मनीत आखेनला गेले होते, २०२४ च्या ऑक्टोबरपासून २०२५ च्या मार्चपर्यंत. जायच्या आधी सीनियर्सचे जे अनुभव वाचले, ते बहुतेक व्हिसा हातात पडल्याच्या आनंदात लिहिलेले होते. बॅग कशी भरायची ते त्यात होतं. तिथले मार्क इथल्या मार्कशीटवर कसे चढतात, ते कुठेच नव्हतं. म्हणून मी मुद्दाम थांबले. क्रेडिट जमा झाले, खोलीचं डिपॉझिट परत आलं, आता लिहिते.

माझं मत आधीच सांगते: एक्स्चेंजची आखणी परतीच्या तारखेपासून उलटी करत आणावी. व्हिसा, तिकीट, खोली यांची काळजी घरचे सगळे मिळून घेतात. परत आल्यावरच्या गोष्टींची काळजी मात्र आपल्यालाच, आणि तीही निघायच्या आधी घ्यावी लागते.

सगळ्यात पहिला प्रश्न कॅलेंडरचा. जर्मनीत हिवाळी सेमेस्टर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. हिवाळ्यातले वर्ग जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत संपतात आणि परीक्षा त्यानंतर मार्चपर्यंत चालू राहतात. आपलं सम सेमेस्टर जानेवारीतच सुरू होतं, म्हणजे तिथली परीक्षा आणि इथली हजेरी एकाच वेळी येतात. उन्हाळी सेमेस्टर घेतलं तरी सुटका नाही. जुलैपर्यंत वर्ग, पुढे परीक्षा, आणि इथे नवं वर्ष सुरू झालेलं. मला जमलं, कारण आमच्या आठव्या सेमेस्टरला फक्त प्रोजेक्ट असतो आणि तो मार्चअखेर सुरू करायची परवानगी एचओडी (विभागप्रमुख) सरांनी सही-शिक्क्यासह दिली होती. "बघू, होऊन जाईल" एवढ्यावर विमानाचं तिकीट काढू नका. आमच्याकडे डिसेंबरात एचओडी बदलले. नव्या मॅडमना मी तो कागद मेल केला आणि विषय तिथेच मिटला.

दुसरा कागद लर्निंग अ‍ॅग्रीमेंटचा, म्हणजे तिथले कोणते विषय इथे धरले जातील याचा लेखी करार. आपली, आपल्या कॉलेजची आणि तिथल्या विद्यापीठाची अशा तीन सह्या त्यावर लागतात. बरेच जण तो फॉर्म म्हणून भरतात आणि विसरतात. माझ्या मते अख्ख्या एक्स्चेंजमध्ये यापेक्षा मोलाचा कागद नाही. त्यात तिथला विषय आणि इथला विषय समोरासमोर लिहायचे, दोन्हीकडचे कोड टाकायचे आणि तिथला सविस्तर अभ्यासक्रम जोडायचा. तिकडचे क्रेडिट ईसीटीएस या युरोपीय पद्धतीने मोजतात. एका सेमेस्टरला साधारण ३०, आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. त्यात वर्ग, घरचा अभ्यास, परीक्षेची तयारी सगळं आलं. आपला क्रेडिट मुख्यतः वर्गातल्या तासांवरून ठरतो. त्यामुळे तिथल्या ६ क्रेडिटच्या विषयाला इथे किती द्यायचे, हे जायच्या आधीच लिहून घ्यावं.

ग्रेडचंही तसंच. तिथे १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम पास आणि ५.० म्हणजे नापास. आपल्या दहाच्या मापात हे कसं बसवणार, ते परीक्षा विभागाला आधी विचारा. माझे २.३ हे वाईट मार्क आहेत असं आमच्या ऑफिसातल्या काकांना वाटलं होतं. रूपांतराचा तक्ता फाईलमध्ये असल्यामुळे ते काम पाच मिनिटांत झालं.

विषय निवडताना अजून एक. सार्वजनिक विद्यापीठांत बॅचलरचे वर्ग बहुतांश जर्मनमधून असतात. इंग्रजी विषय मास्टरच्या पातळीवर जास्त सापडतात. मी मॅक्स म्युलर भवनात जर्मन ए-टूपर्यंत, म्हणजे प्राथमिक पातळीपर्यंत, शिकले होते. दुकानात, डॉक्टरकडे, शेजाऱ्यांशी बोलायला ते पुरलं, थर्मोडायनॅमिक्सच्या लेक्चरला अजिबात पुरलं नसतं. म्हणून मी मास्टरचे इंग्रजी विषय घेतले, प्राध्यापकांना आधी मेल करून माझा पाया पुरेसा आहे ना ते विचारलं. आणि पर्यायी विषयही मंजूर करून ठेवा. काही विषय फक्त एकाच सेमेस्टरला चालतात. माझ्या यादीतला एक उन्हाळ्यातच असतो असं तिथे गेल्यावर कळलं, पण बदली विषयावर सही आधीच झालेली होती.

आता पैसे. दोन्हीकडच्या संस्थांच्या करारातून जाणाऱ्याला तिथे शिकवणीची फी नसते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमेस्टरला १५०० युरो फी आहे, पण कराराखालच्या एक्स्चेंज विद्यार्थ्यांना तीही माफ असते. आखेन नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालनमध्ये येतं, तिथे तो प्रश्नच नाही. सेमेस्टरचं अंशदान तेवढं भरलं, आणि त्यात प्रवासाचा पासही आला.

खरा आकडा ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे पैसे आधी एकदम भरायचे आणि तिथे ते महिन्याच्या हप्त्याने मिळतात अशा खात्याचा. ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर शेंगेन व्हिसा चालत नाही, नॅशनल व्हिसा लागतो, आणि त्यासाठी खर्चाचे पैसे आधीच दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा महिन्याला ९९२ युरो, वर्षाचे ११,९०४. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेपाच लाखांच्या आसपास. शिष्यवृत्तीचं पत्र किंवा जर्मनीतल्या कोणाचं अधिकृत हमीपत्र असेल तर हे टळू शकतं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं.

खातं ऑनलाइन उघडलं, त्यात काहीच अडचण आली नाही. अडचण पैसे पाठवताना आली. बाबांनी बँकेत जाऊन परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरला, परदेशी शिक्षणाचा पर्पज कोड टाकला, रक्कम बरोब्बर लिहिली. तिकडे पोचले ते काही युरो कमी, कारण मधल्या बँकेने आपलं कमिशन कापून घेतलं होतं. रक्कम पूर्ण होईपर्यंत कन्फर्मेशनचं पत्र निघत नाही, आणि त्या पत्राशिवाय व्हिसाची फाईल अपुरी. पुन्हा थोडेसे युरो पाठवायचे तर त्याचेही चार्जेस वेगळे. फॉर्मवर चार्जेसचा रकाना असतो. तिथे "सगळे चार्जेस पाठवणाऱ्याकडे" हा पर्याय निवडा आणि वर थोडी जास्त रक्कम टाका. काउंटरवरच्या माणसाने हे स्वतःहून सांगायला हवं होतं असं मला आजही वाटतं. शिक्षणासाठी मुलं रोज तिथे येतात.

व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी लवकर हालचाल करा, एवढंच म्हणते. बाकीचं सगळीकडे लिहिलेलं आहे.

तिथे उतरल्यावर ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे लगेच हातात येत नाहीत. महिन्याचा हप्ता जमा व्हायला चालू खातं लागतं, काही बँका त्यासाठी पत्त्याची नोंद मागतात, पत्त्याची नोंद म्हणजे आन्मेल्डुंग, आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद हवा. कायद्याने ही नोंद राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते, पण पालिकेच्या कचेरीत तेवढ्यात वेळ मिळेलच असं नाही. तोवर भाडं, डिपॉझिट, जेवण हे सगळं जवळच्या पैशांतून. दीड महिन्याचा खर्च फॉरेक्स कार्डवर वेगळा ठेवा. माझा पहिला हप्ता ऑक्टोबरच्या शेवटी आला.

आरोग्य विमा सरकारी घेतला, विद्यार्थ्यांच्या दराने महिन्याला १२० ते १४० युरोच्या घरात. महाग वाटतो. पण थंडीत दाढ सुजली तेव्हा डेंटिस्टकडे फक्त कार्ड दाखवलं आणि उपचार करून बाहेर आले. खासगी स्वस्त विमा घेऊन सरकारी विम्यातून सूट मागितली तर त्या शिक्षणक्रमापुरता तो निर्णय फिरवता येत नाही, हे लक्षात ठेवा.

खोली विद्यार्थी वसतिगृहात मिळाली, कारण निवडीचं पत्र आलं त्याच संध्याकाळी अर्ज टाकला होता. स्वयंपाकघर सामायिक. आईने दिलेला छोटा कुकर सगळ्यांत जास्त वापरला गेला. पहिल्या शिट्टीला शेजारच्या खोलीतला मुलगा धावत आला होता, पुढे तोच वरणभाताचा नेमाने वाटेकरी झाला. तूरडाळ, पोहे, हिंग तिथे आशियाई दुकानात मिळतात, बॅगेत वजन वाढवू नका. गोडा मसाला मात्र न्याच.

रविवारी आणि सणाच्या सुट्टीला दुकानं बंद असतात, हे सगळे सांगतात. २०२४ चं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं आणि त्या दिवशी तिथे ऑल सेंट्सची सुट्टी. फुलं, फळं, दूध आदल्या दिवशी आणून ठेवलं म्हणून पूजा झाली. कॅलेंडर पाहताना दोन्हीकडचे सण एकत्र मांडून बघा.

प्रवासाच्या पासाबद्दल तक्रारीला जागाच नाही. देशभरातल्या लोकल, ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्या त्यावर चालतात. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या तेवढ्या नाहीत. आखेनहून कोलोन तासाभरावर. शनिवारी डबा घेऊन निघायचं, संध्याकाळी परत. आखेनचं कॅथीड्रल युनेस्कोच्या १९७८ च्या पहिल्याच यादीतलं आहे, मी रोज त्याच्यावरून जात होते.

परीक्षेची नोंदणी स्वतः करावी लागते, आणि मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते. वर्गात रोज बसलात तरी नोंदणी नसेल तर पेपर देता येत नाही. माझ्या बहुतेक विषयांत अंतर्गत मार्क नव्हते, शेवटच्या एका पेपरवर सगळं. आपल्याला युनिट टेस्ट आणि सबमिशनची सवय असते, त्यामुळे नोव्हेंबरपासूनच मागच्या वर्षांचे पेपर सोडवायला घ्या.

निघताना पत्ता रद्द केल्याचा कागद नक्की घ्या. विमा थांबवायला तो लागतो, आणि घरटी महिन्याला १८.३६ युरो असा जो रेडिओ-टीव्हीचा आकार असतो, तोही त्याच कागदावर बंद होतो. तिथलं बँक खातं मात्र बंद करू नका. खोलीचं डिपॉझिट काही महिन्यांनी त्याच खात्यात येतं. माझी ट्रान्सक्रिप्ट (तिथली गुणपत्रिका) एप्रिलच्या शेवटी आली, डिपॉझिट जूनमध्ये, आणि ते इकडे वळतं केल्यावरच मी खातं बंद करायचा अर्ज टाकला.