एमा फ्रॉस्ट नक्की कुणाच्या बाजूची?
किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात ‘अ‍ॅस्टॉनिशिंग एक्स-मेन’ या सुपरहीरो कॉमिकचा ‘टॉर्न’ हा तिसरा खंड दिसला, तर घासाघीस करत बसू नका, सरळ घेऊन टाका. माझ्या प्रतीची बांधणी ढिली झालीय, पण लॉरा मार्टिनचे रंग अजून टवटवीत आहेत.

सगळा खेळ एमाचा. 1980 साली ‘एक्स-मेन’च्या एका अंकात ती आली तीच हेलफायर क्लब या खलनायकांच्या टोळीची व्हाइट क्वीन म्हणून, दुसऱ्याच्या मनात शिरणारी खलनायिका. त्याच अंकात किटी प्राइड ही एक्स-मेनमधली पोरगी पहिल्यांदा दिसली, आणि एमा तिला आपल्या शाळेत ओढायला टपलेली! आता दोघी एक्स-मेनच्या शाळेत शिकवतात. किटीचा तिच्यावर काडीचाही विश्वास नाही. एमा पुन्हा जुन्या कंपूत दिसते तेव्हा वाटतं, पोरगी बरोबरच म्हणत होती. पण लेखक जॉस व्हीडन तिथेच आपल्याला पेचात पकडतो. ही फितूर झालीय, की हिच्याच डोक्यात कुणी घुसलंय?

आधी जेनोशा बेटावरच्या हत्याकांडात 1 कोटी 60 लाख म्युटंट, म्हणजे जन्मतःच अचाट शक्ती असलेली माणसं, मेले. एमाच्या अंगाचा हिरा झाला म्हणून ती वाचली. हिरा झाली की मात्र तिला कुणाचं मन वाचता येत नाही. एकटीच मागे उरल्याचा तो सल तिला आतून पोखरतो, आणि म्हणूनच तिचं कारस्थानसुद्धा मला जवळचं वाटतं.

आधीचे दोन खंड वाचल्याशिवाय मात्र याला हात लावू नका, निम्मं डोक्यावरून जाईल. शेवटही चौथ्या खंडावर ढकललाय. तो मी अजून शोधतोय.