टब अमेरिकेचा, वीज इंदूरची: हॉट टबचा पंप बदलताना कोणता घ्यावा?

पळसीकर कॉलनीत ताईच्या घरामागे एक हॉट टब आहे. भाऊजी न्यू जर्सीहून कायमचे इंदूरला परतले तेव्हा सोफा, पुस्तकांची खोकी आणि हा टब एकाच कंटेनरमधून आले. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येणाऱ्या गावात बाराशे लिटरचं हे प्रकरण कशाला, यावर घरात बरंच बोलून झालं. पण ताईच्या गुडघ्यांना गरम पाण्याचे झोत मानवले आणि टब टिकला. पंप टिकला नाही. तीन वर्षांत दोनदा गेला. दुसऱ्या खेपेला भाऊजींनी सगळं माझ्यावर सोपवलं, कारण मोटरींच्या धंद्यात हयात घालवलेला घरात मीच एक. बायपासकडच्या बंगल्यांत आणि फार्महाउसवर आता असे टब दिसू लागलेत, म्हणून त्या वेळी तोलून पाहिलेले पर्याय मांडतो.

पण त्याआधी, पंप खरंच गेलाय का ते बघा. मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तर निम्म्या वेळा दोष कपॅसिटरचा असतो. तो फुगलेला किंवा तेल गळलेला दिसला तर बदलायला किरकोळ खर्च येतो. (हात लावण्याआधी तो डिस्चार्ज करा, वीज बंद असली तरी त्यात झटका शिल्लक असतो.) मोटर चालते पण कर्कश ओरडते, म्हणजे बेअरिंग. मोटर आणि पंपाच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी पडतंय, म्हणजे शाफ्टचं मेकॅनिकल सील. सीलची गळती बघून न बघितल्यासारखं केलं की तेच पाणी पुढच्या बेअरिंगमध्ये शिरतं, ते गंजतं आणि मग ओरडणं सुरू होतं. ताईकडे पहिल्या वेळी नेमकं हेच झालं. दोन महिने टबाखाली फडकं ठेवून दिवस काढले होते.

दुसऱ्या वेळी मात्र वाइंडिंगच, म्हणजे मोटरमधले तारेचे वेढेच जळले. बाजूचं पॅनेल काढलं तर वार्निश करपल्याचा वास नाकात बसला. मग मी टॉर्च घेऊन मोटरवरची पाटी वाचली आणि या वेळचं कोडं तिथेच सुटलं: २३० व्होल्ट, ६० हर्ट्झ.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६०. मेकॅनिक लोक याला 'सायकल' म्हणतात. दोन पोलची मोटर तिकडे मिनिटाला साधारण ३४५० फेरे घेते, इकडे २८५०. वेग पाच षष्ठांशावर आला की पाण्याचा प्रवाहही तेवढाच, म्हणजे सुमारे ८३ टक्के राहतो. दाब वेगाच्या वर्गात घटतो, म्हणून तो ७० टक्क्यांच्याही खाली जातो. "तिकडे असताना जेट जोरात होते गं," असं भाऊजी ताईला सांगायचे तेव्हा आम्ही हसायचो. त्यांचं बरोबर होतं. शिवाय व्होल्टेज तेवढंच आणि सायकल कमी, म्हणजे मोटरचं लोखंड चुंबकीयदृष्ट्या तुंबतं, करंट वाढतो आणि मोटर तापते. त्यात इंदूरचा मे महिना, बाहेर ४२ अंश, आणि मोटर बंद खोक्यात.

आता पर्याय.

पहिला, आणि सगळे सुचवतात तो: जुनीच मोटर रिवाइंड करा, म्हणजे आत नवे वेढे भरून घ्या. महाराणी रोडवर विचारलं तर, "बाबूजी, नई मोटर क्यों, बाइंडिंग करा लो," असं उत्तर आलं. नव्या पंपाच्या पाचव्या हिश्शात काम, चार दिवसांत हातात. टब इथेच घेतलेला असेल आणि पाटीवर ५० हर्ट्झ असेल तर माझंही मत हेच: रिवाइंड करा, दोन्ही बेअरिंग आणि सील नवीन घाला, पैसे वाचवा. ६० हर्ट्झच्या मोटरचं मात्र तसं नाही. जुने वेढे मोजून तेवढेच नवे घातले तर मोटर पुन्हा तशीच तापणार. ५० हर्ट्झसाठी त्याच व्होल्टेजला वेढे सुमारे २० टक्के वाढवावे लागतात. खाचेत जागा तेवढीच, म्हणून तार बारीक घ्यावी लागते आणि मोटरची ताकद घटते. हे जाणणारा कारागीर मिळाला तर मोटरचा ताप उतरेल. जेट मात्र मरगळलेलेच राहतील, कारण फेरे २८५०च आणि आतला इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चाक, ३४५० फेऱ्यांच्या मापाचा. रिवाइंडिंगने अर्धाच आजार बरा होतो.

दुसरा: अमेरिकेहून हुबेहूब तोच पंप मागवायचा. भाऊजींचा कल इकडे होता, कारण भाचा तिथे आहे. युनियन (पंप आणि पाइप जोडणारी आट्यांची जोडणी) जुळणार, बोल्ट जुळणार, वायरींचे रंगसुद्धा जुळणार. आणि तीन वर्षांत तोही जळणार. यावर मी जास्त वेळ घालवत नाही. "मग ट्रान्सफॉर्मर लावू," असं कुणी म्हणालं तर सांगा की ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, सायकल नाही. व्हीएफडी नावाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्राने सायकल बदलते, पण बाजारात सहज मिळणारे व्हीएफडी थ्री-फेज मोटरसाठी असतात. कपॅसिटरवर चालणारी सिंगल-फेज मोटर त्यावर लावू नये.

तिसरा: देशी मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकाच अंगात असलेला घरगुती पंप. सियागंजात एक दुकानदार छातीठोकपणे म्हणाला, पाणीच फिरवायचंय ना, एक एचपीचा लावा. दिसायला स्वस्त आणि मस्त. पण घरगुती मोनोब्लॉकचं काम हौदातलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवण्याचं: उंची जास्त, पाणी थोडं. २०-२५ मीटर चढवेल, पण मिनिटाला तीस-चाळीस लिटर. टबाला हवं उलटं. दाब ८-१० मीटरचा पुरतो, पण मिनिटाला चारशेच्या आसपास लिटर हवेत, तेव्हा कुठे वीस-पंचवीस जेटमधून गुडघ्याला जाणवेल असा झोत येतो. वर ओतीव लोखंडाचं शरीर, ३८-४० अंशांचं पाणी आणि त्यात क्लोरीन किंवा ब्रोमीन. काही महिन्यांत टबात गंजाचा तांबूस थर. हा पर्याय मी सरळ खोडला.

त्यापेक्षा पोहण्याच्या तलावाचा पंप बरा. प्लॅस्टिकचं शरीर, क्लोरीनची सवय, ५० हर्ट्झ, भारतात सर्व्हिस. टबासोबत वेगळी पंपखोली असेल तर मी याचा विचार नक्की करेन. पण पुढे केस अडवायची जाळी असल्याने तो लांबलचक असतो, टबाच्या पोटात मावत नाही, आणि बहुतेक एकाच वेगाचा असतो. काहींच्या माहितीपत्रकात पाण्याच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश दिलेली असते, ती आधी वाचा. टबात आपण चाळीसपर्यंत जातो.

शेवटचा, आणि आम्ही घेतला तो: मुळातच ५० हर्ट्झसाठी बनवलेला स्पा पंप, मोटर आणि वेट-एंडसकट. वेट-एंड म्हणजे पुढचा प्लॅस्टिकचा भाग, ज्यात इंपेलर फिरतो. या जातीत वॉटरवे, गेकोचा ॲक्वा-फ्लो आणि चीनचा एलएक्स ही नावं पुन्हा पुन्हा भेटतात. नावापेक्षा पाटी महत्त्वाची. ५० हर्ट्झच्या पंपात इंपेलर थोडा मोठा देऊन कमी फेऱ्यांची भरपाई केलेली असते. म्हणूनच फक्त नवी मोटर घेऊन जुनं अमेरिकन वेट-एंड लावण्याची काटकसर करू नका. किंमत सगळ्यात जास्त, वाट बघावी लागते (आम्ही पाच आठवडे बघितली), पण मोटरचा ताप आणि जेटची मरगळ दोन्ही एकदम जातात.

हा घेतानाही फसायला जागा आहे. सगळ्यात मोठी एचपीची. आमच्या जुन्या पाटीवर ४ एचपी छापलेलं, करंट १० अँपिअर. हिशेब करा: २३० गुणिले १०, पॉवर फॅक्टर ०.९ धरला तर सुमारे २०७० वॅट आत जातात. मोटरची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर शाफ्टवर १५५० वॅट. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. झाले जेमतेम दोन एचपी! म्हणून तुलना अँपिअरची करा. नवा पंप जुन्यापेक्षा जास्त अँपिअर ओढणारा घेतला तर कंट्रोल बोर्डावरचा रिले जळतो, आणि बोर्ड पंपापेक्षा महाग पडू शकतो.

दुसरी, वेगाची. टबात गाळणीसाठी आणि गरम करण्यासाठी वेगळा छोटा सर्क्युलेशन पंप असेल तर जेटचा पंप एका वेगाचा चालतो. तो नसेल तर दोन वेगांचाच हवा: हळू वेगात हीटरमधून पाणी फिरतं, जोरात जेट. आमच्याकडे छोटा पंप नाही. एका वेगाचा स्वस्तात मिळतोय म्हणून घेतला असता तर हळू वेगाच्या आज्ञेला पंप जागचा हलला नसता, आणि हीटरला प्रवाह न मिळाल्याने पॅनेलवर एरर येऊन टब थंड राहिला असता.

तिसरी, मापं. मोटरच्या पाटीवर फ्रेम ४८ किंवा ५६ लिहिलेली असते. या आकड्याला १६ ने भागलं की तळापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची इंचात मिळते: ३ किंवा साडेतीन. अर्धा इंच चुकला की पाइप जुळत नाही. युनियनचा 'दोन इंच' हा आतल्या पाइपचा आकडा. आट्यांवर बाहेरून टेप लावाल तर सुमारे तीन इंच भरेल. दीड इंची युनियन बाहेरून साधारण दोन इंच आणि तीन अष्टमांश. टेपवर तीन इंच दिसले म्हणून तीन इंची मागवणारे महाभाग मी पाहिलेत.

पाइपाचा तुकडा बदलावा लागला तर आणखी एक गोम. दोन इंची म्हणून दुकानात जो शेतीचा पीव्हीसी पाइप देतात तो बाहेरून ६३ मिलिमीटर असतो. अमेरिकन दोन इंची पाइप ६०.३. तो त्या फिटिंगमध्ये जाणारच नाही. मीही आधी तोच आणला, पावसात, स्कूटरवर. शेड्यूल ४० किंवा ८० चा यूपीव्हीसी प्लंबिंग पाइप मागा, तो ६०.३ चाच असतो. दोन इंची सीपीव्हीसीसुद्धा चालत नाही, तो ५४ मिलिमीटरचा.

बसवण्याचं काम तसं अर्ध्या दिवसाचं. एमसीबी पाडा आणि टेस्टरवर न थांबता मीटरने खात्री करा. जुन्या वायरी सोडवण्याआधी फोटो काढा: अमेरिकन टबात पांढरी वायर म्हणजे न्यूट्रल असं समजू नका, २४० व्होल्टच्या पंपाला तिकडे ती दुसरी जिवंत तार असू शकते. इथे खात्रीचा वायरमन हवा, आणि टबाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा, पंप मागाहून. मोटरवरच्या अर्थिंगच्या स्क्रूला तांब्याची उघडी तार परत जोडायची राहून जाते, ती विसरू नका.

पंपाच्या दोन्ही बाजूंना व्हॉल्व असतील तर ते बंद करून फक्त मधलं पाणी सांडतं. नसतील तर टब रिकामा करावा लागतो. ते काम नर्मदेच्या दिवशीच काढा, कारण बोअरच्या जड पाण्याने टब भरला की हीटरवर खवले धरतात. नव्या पंपाचं तोंड वर हवं की बाजूला, हे वेट-एंडचे चार लांब बोल्ट काढून फिरवता येतं. पण ते हलक्या हाताने, सीलच्या चकचकीत पृष्ठभागाला बोट न लावता. ओ-रिंग नव्या घ्या, त्यांना सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नको; युनियन हातानेच आवळा. पान्याने आवळलेली युनियन तडकते. खाली रबराचे तुकडे ठेवले की रात्री शेजाऱ्यांना घरघर जात नाही.

मग पाणी भरा आणि लगेच चालू करू नका. पाइपात हवा अडकलेली असते आणि कोरडा चाललेला पंप नवं सील काही मिनिटांत जाळतो. मी वरच्या बाजूची युनियन अर्धा आटा सैल केली. आधी फुस्स आवाज, मग बुडबुडे, मग सलग पाण्याची धार, तेव्हा आवळली. नंतर हळू वेगात दहा सेकंद चालू, बंद, पुन्हा चालू. तिसऱ्या वेळेस जेटमधून हवा खोकत बाहेर पडली आणि पाणी धरलं. क्लॅम्प मीटर लावून करंट बघितला, तो पाटीपेक्षा खाली होता.

भाऊजींना बाजूच्या पॅनेलमध्ये खाली-वर दोन जाळ्या मात्र पाडाव्या लागल्या, मोटरला वारा मिळावा म्हणून. युनियन आठवड्याने पुन्हा तपासली तर एकीखाली थेंबभर ओल होती. पाव आटा आवळल्यावर ती थांबली. ताई आता मधल्या जेटसमोर बसत नाही, कोपऱ्यातल्या जेटसमोर बसते. मधला फार जोरात लागतो म्हणते.