गिअरच्या लायसन्ससाठी ११,८०० रुपये गेले, वर ५,००० चं चलान

सरळ आकडेच सांगतो, हिशेब लिहिणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. शिकवणी आणि लायसन्स मिळून पॅकेज ७,५००. डॉक्टरच्या सहीचे ५००. नंतर 'गिअर चढवून द्यायचे' ३,८००. एकूण ११,८००, सगळे एकाच माणसाच्या, ड्रायव्हिंग क्लासवाल्या एजंटच्या घशात. त्याच्याच कृपेने रस्त्यात बसलेलं चलान ५,०००, ते वेगळं. आता सरकारी दर बघा. शिकाऊ लायसन्स १५०, त्याची परीक्षा ५०, ट्रॅकवरची चाचणी ३००, पक्कं लायसन्स २००. झाले सातशे. कार्ड आणि पोस्ट धरा, हजाराच्या आसपास मामला आटोपतो.

'एजंटकडे गेलातच कशाला' हे मला कुणी ऐकवू नका. घरात ऐकून झालंय. वीस वर्षांहून जास्त डोंबिवली-दादर लोकल केली, मुंबईत गाडी लागते कुणाला? कंपनीने ऑफिस गुंडाळलं, गावी आलो, ठिबकच्या दुकानात हिशेबाचं काम मिळालं. मालक म्हणाले, वसुलीला वाड्या-वस्त्यांवर जावं लागेल, गाडी येते ना? येते म्हणालो. वय ४६. गावातल्या शाळेच्या मैदानावर पुतण्याला मागे बसवून क्लच सोडायला शिकायचं आणि आठवीतली पोरं बघून हसणार, हे मला जमणारं नव्हतं. म्हणून जिल्ह्याच्या गावी, जिथे मला कुणी ओळखत नाही तिथे, बोर्ड बघून क्लासला गेलो. बोर्ड मोठा होता, त्यावर 'शासनमान्य' लिहिलेलं होतं. शासनमान्य म्हणजे शासनाने मान्य केलेलं असंच कुणीही समजेल. तुम्ही समजू नका. ड्रायव्हिंग स्कूलला आरटीओचा परवाना असतो, फॉर्म ११. तो कागद मागा, त्यावरचं नाव आणि मुदत वाचा. बोर्ड काय, फ्लेक्सवाला दोनशे रुपयांत 'भारतरत्न' पण छापून देईल.

तर हे क्लासचे 'सर'. गोड माणूस. 'काका, टेन्शन घ्यायचं नाही, आत सगळी आपलीच माणसं आहेत.' ३,००० ॲडव्हान्स घेतले. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं कुठल्या तरी बाईचं. मी विचारलंही. 'मिसेसचं अकाउंट आहे, जीएसटीचं लफडं नको.' पावती मागितली तर व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवला. क्लासच्या नावाने चालू खातं नसेल तर पैसे देऊ नका, एवढी एक गोष्ट मी तेव्हा धरून बसलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

शिकवणी मार्केट यार्डाच्या मागच्या मोकळ्या जागेत, सकाळी सहाला. पहिले काही दिवस स्कूटर. 'आधी बॅलन्स, मग गिअर.' ऐकायला बरोबर वाटतं. मग एक जुनी स्प्लेंडर आली, तिचा क्लच इतका टाइट की चार बोटं लावून ओढली तरी मनगट दुखायचं. पहिला टाकला की झटका आणि गाडी बंद. पुन्हा किक. सर मोबाइलवर बोलत कट्ट्यावर. स्प्लेंडरवर बसायला मिळालं ते असंच चार-दोन सकाळी, अर्धा अर्धा तास. खरा गिअर मला नंतर पुतण्याने शिकवला, त्याच शाळेच्या मैदानावर, त्याच पोरांसमोर. म्हणजे जी लाज टाळायला पैसे मोजले ती फुकटात पदरी पडलीच.

शिकाऊ लायसन्सची परीक्षा आता आधारवर घरबसल्या देता येते. परिवहन खात्याच्या 'सारथी' साइटवर जायचं, ओटीपी टाकायचा, कॅमेऱ्यासमोर बसून प्रश्न सोडवायचे, साठ टक्के आले की पास. हे मला तेव्हाही माहीत होतं. चिन्हं सगळी पाठ केली होती. सर म्हणाले, घरचं नेट मध्येच जातं, फॉर्म रद्द होतो, आपल्या ऑफिसातच बसा. ओटीपी माझ्या मोबाइलवर आला, त्यांच्या पोराने वाचून घेतला, आणि मला सांगितलं, 'काका, तुम्ही फक्त कॅमेऱ्याकडे बघा.' मी कॅमेऱ्याकडे बघत बसलो आणि ते पोरगं बाजूने माउस फिरवत होतं. एका प्रश्नाचं उत्तर त्याचं चुकतंय हे मला दिसत होतं, पण बोललो असतो तर ओठ हलले असते. याचे पॅकेजमधले १,५००. चाळिशीवरच्यांना डॉक्टरचा फॉर्म १ए लागतो, त्याचे ५००. त्या डॉक्टरांनी माझं तोंड अजून पाहिलेलं नाही.

शिकाऊ लायसन्सचा कागद हातात आला तो घडी घालून खिशात ठेवला. त्यावर वाहनाचा प्रकार लिहिलेला असतो. गिअरवाल्या मोटरसायकलला 'एमसीडब्ल्यूजी', बिनगिअरच्या स्कूटरला 'एमसीडब्ल्यूओजी'. माझ्यावर दुसरं छापलेलं होतं. कुणी सांगितलंय हे वाचायला? आरटीओत कुणी विचारत नाही, क्लासवाला तर बोलणारच नाही. मी फोटो बरा आलाय का तेवढं बघितलं.

शिकाऊला ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची चाचणी देता येत नाही. तो दिवस आला तेव्हा सरांनी ट्रॅकवर आणली स्कूटर. मी म्हटलं, मला तर मोटरसायकल चालवायची आहे. 'काका, टू-व्हीलर ती टू-व्हीलर. स्प्लेंडरवर पाय टेकला तर नापास, मग सात दिवस थांबा, परत फी. स्कूटरवर आठ काढा, लायसन्स तेच मिळतं.' स्कूटरवर आठचा आकडा काढला, पाय टेकला नाही, इन्स्पेक्टरने मान हलवली, पास. उरलेले ३,००० टपरीवर उभ्या उभ्या दिले. यातली मेख नंतर कळली. ज्या गाडीवर परीक्षा, त्याच प्रकारचं लायसन्स. गिअरवाल्या लायसन्सवर स्कूटर चालते, स्कूटरच्या लायसन्सवर गिअरची गाडी चालत नाही. आणि नापास होणारं गिऱ्हाईक एजंटला परवडत नाही, म्हणून सरसकट सगळ्यांना स्कूटरवर बसवून मोकळं करायचं. यात आतल्या माणसाला पैसे द्यायचीही गरज नाही. 'साहेबांचे' म्हणून घेतलेले तसेच खिशात.

पहिलं कार्ड घरी आलं स्पीड पोस्टाने. पोस्टमनने सही घेतली. पुतण्याने कार्ड हातात घेतलं आणि म्हणाला, 'काका, हे तर विदाउट गिअर आहे.' मी सरांना फोन लावला. त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही, तिथेच समजायला हवं होतं. 'ऑनलाइन मिस्टेक झाली असेल. गिअर चढवून घेऊ, ३,८००, आठ दिवसांत काम.' मी भांडलो. तर म्हणे, मग तुम्हीच करा, नवीन शिकाऊ काढा, परत ३० दिवस, परत ट्रॅक. हे त्याने खरं सांगितलं होतं, बरं का. प्रकार वाढवायचा तर हाच रस्ता आहे, दुसरा नाही. खरं सांगून घाबरवायचं आणि खोट्याने सोडवायचं, ही त्यांची पद्धत. मालक वसुलीवरून रोज बोलत होते. दिले ३,८००. जुनं कार्ड 'जमा करावं लागतं' म्हणून तेही दिलं.

आता जे सांगतो ते मला रात्री झोपू देत नाही. नवीन कार्ड त्याने मला आरटीओसमोरच्या चहाच्या टपरीवर दिलं. हातात. खाकी पाकीट, त्यावर ना पत्ता, ना पोस्टाचा शिक्का. पहिलं कार्ड पोस्टाने आलं, सही करून घेतलं, आणि दुसरं या माणसाच्या शर्टाच्या खिशातून निघतं, तेही आठ दिवसांत, ना परीक्षा ना ट्रॅक. मी काय म्हणालो असेन? 'वा, लवकर झालं.' चहाचे पैसेही मीच दिले. आणि कार्डावर मुदत छापली होती वीस वर्षांची! नव्या नियमात तिशी ते पन्नाशीच्या माणसाला लायसन्स मिळतं दहा वर्षांचं, पहिल्या कार्डावर दहाच होती. वीस वर्षं हा जुना नियम, आणि तेव्हाही पन्नाशीच्या पुढे जात नव्हती. म्हणजे चोराने कुणाच्या तरी जुन्या कार्डाचा साचा उचलून माझा फोटो चिकटवला. दुसऱ्यांच्या बिलात अठरा रुपयांचा फरक मला लगेच दिसतो. इथे दहाचे वीस झालेले दिसले, आणि वाटलं, बरं झालं, सासष्टीपर्यंत कटकट मिटली. तुलना करायला जुनं कार्ड हातात नव्हतं. ते त्याने का मागून घेतलं हे आता सांगायला नको.

पुढे नाकाबंदीत हवालदाराने मशीनमध्ये नंबर टाकला. 'कार्डावर विथ गिअर, इथे विदाउट गिअर. काका, हे काय प्रकरण आहे?' मागे दुधाच्या गाड्या, ओळखीचे लोक. प्रकाराचं लायसन्स नाही म्हणजे लायसन्स नाही, ५,०००. वर त्याने हळू आवाजात सांगितलं, 'हे कार्ड दाखवत फिरू नका.' त्या दिवशी भेटलेला हा एकमेव शहाणा सरकारी माणूस. तुम्ही आजच मोबाइलवर एमपरिवहन किंवा डिजिलॉकर हे सरकारी ॲप उघडा आणि तुमच्या कार्डावर जे छापलंय तेच तिथे दिसतंय का बघा. एजंटने पाठवलेल्या लिंकवरून ॲप घेऊ नका, चलानच्या नावाने एपीके फाइल (मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल) पाठवून खाती साफ करणारे वेगळेच आहेत. प्लेस्टोअरवरून घ्या.

सरांचा फोन बंद. शटर खाली. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणतो, 'ते पंधरा दिवस झाले येत नाहीत, तुम्ही आज चौथे.'

आरटीओत गेलो. खिडकीवरचा माणूस म्हणाला, आमच्याकडे एजंट नसतातच. हे तो कुठल्या पाटीखाली बसून म्हणाला माहितीये? 'दलालांपासून सावध राहा.' आणि त्याच वेळी माझ्या खांद्यावरून एका दलालाने फायलींचा गठ्ठा आत सरकवला, याने बोलता बोलता घेतला. मी म्हटलं, हे काय? तर म्हणे, तुमचं काम सांगा. सांगितलं. कॉम्प्युटरवर बघून म्हणतो, 'तुमचं रेकॉर्ड बरोबर आहे, विदाउट गिअर. तक्रार कसली?' बनावट कार्ड पुढे ठेवलं तर हात मागे घेतला, जणू विंचू ठेवलाय. 'हे पोलिसांचं काम.'

पोलिसांत गेलो. पैसे कुठे दिले? थोडे क्लासवर, थोडे टपरीवर. मग क्लास त्या ठाण्याच्या हद्दीत. तिकडे गेलो, तर कार्ड टपरीवर मिळालं ना, मग टपरी आधीच्या ठाण्याच्या हद्दीत. दोन ठाण्यांमध्ये रिक्षाचे पैसे घालवले ते हिशेबात धरलेलेच नाहीत. शेवटी एक साहेब भेटले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कार्ड उलटसुलट केलं आणि म्हणाले, 'बनावट कागद तुमच्याकडे सापडलाय. वापरलाय पण तुम्ही. गुन्हा दाखल करायचा तर पहिलं नाव तुमचं.' चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. पैसे यूपीआयने गेलेत म्हटल्यावर आशा वाटली. तिकडची मुलगी विचारते, तुम्ही स्वतःहून पाठवलेत ना? तुमचा ओटीपी कुणी चोरला नाही ना? मग हा सायबर गुन्हा होत नाही सर. ओटीपी तर मी समोर बसून वाचून दाखवला होता, तिला काय सांगू. 'आपले सरकार' या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. उत्तर आलं, 'संबंधित कार्यालयाकडे वर्ग करण्यात आली आहे.' संबंधित कार्यालय म्हणजे तीच खिडकी.

पुतण्याच्या ओळखीच्या वकिलांनी सांगितलं ते लिहून ठेवा. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे, त्यात दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात घ्यावीच लागते, हद्दीचं कारण चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३. फसवणुकीला पूर्वी ४२० म्हणायचो, ते आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. कलमं लिहिलेला टाइप केलेला अर्ज घेऊन गेलो तेव्हा त्याच साहेबांनी खुर्ची दिली. अर्ज घेतला. गुन्हा अजून नोंदलेला नाही, 'चौकशीवर' आहे. त्या बाईच्या नावाच्या खात्याचे स्क्रीनशॉट जोडलेत, म्हणून रोख देऊ नका, कुणी कितीही घासाघीस केली तरी. टपरीवर दिलेल्या ३,००० चा माझ्याकडे कागदाचा चिटोरा नाही. शिकवणीही शक्य असेल तर ज्याची गाडी चालवायची त्याच गाडीवर घ्या, आणि पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावायला लाजू नका.

हवालदार म्हणतात, एकट्याची तक्रार आहे, अजून दोन-तीन आल्या तर हलेल. झेरॉक्सवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे माझ्या आधी तिघे येऊन गेले, ते कोण, कुठले, काही पत्ता नाही. आमच्या बाजूला ज्यांना लायसन्सचं कार्ड पोस्टाऐवजी कुणाच्या खिशातून मिळालं असेल, त्यांनी ते ॲपवर तपासा आणि ठाण्यात लेखी अर्ज द्या. पोच घ्या, तारीख आणि गोल शिक्क्यासकट. मला पहिल्यांदा नुसती सही दिली होती, ती 'आमची नाहीच' म्हणाले.