गाया अर्काइव्ह: क्ष-किरण द्वैतींमधल्या सहचर ताऱ्यासाठी कितपत कामाचे?

युरोपीय अंतराळ संस्थेचे गाया अर्काइव्ह (गाया यानाने मोजलेल्या ताऱ्यांचा विदासाठा) फुकट आहे, नोंदणीशिवायही चालते, आणि क्ष-किरण द्वैतीमधल्या (कृष्णविवर किंवा न्यूट्रॉन तारा आणि त्याच्याकडे वायू ओढला जाणारा साधा तारा, अशा जोडीमधल्या) सहचर ताऱ्यावर काम सुरू करताना पहिल्यांदा तेच उघडावे. फक्त तिथले सगळे रकाने सारख्याच भरवशाचे नाहीत.

शोधाची भाषा एडीक्यूएल, म्हणजे विदासाठ्याला प्रश्न विचारायची खगोलशास्त्रातली भाषा. शोधाच्या वर्तुळाची त्रिज्या अंशांत द्यायची असते. एक कोनीय सेकंद म्हणजे सुमारे ०.०००२७८ अंश. तिथे नुसता १ टाकला की आकाशगंगेच्या पट्ट्यात ताऱ्यांचा ढीग अंगावर येतो. क्ष-किरण स्रोताचे स्थान चंद्रा या अंतराळ दुर्बिणीचे असेल तर एक सेकंद बहुधा पुरतो. रोसॅट या जुन्या क्ष-किरण उपग्रहाच्या सर्वेक्षणातले असेल तर वर्तुळ बरेच मोठे घ्यावे लागते, त्यात अनेक तारे पडतात, आणि त्यातला सर्वांत तेजस्वी तोच सहचर असे धरून चालणे हा नेहमीचा घोळ. डीआर३ (गायाच्या विद्याचे तिसरे प्रकाशन) मधली स्थाने २०१६.० या काळाची आहेत, म्हणून जुळवणीआधी निजगतीने (ताऱ्याच्या आकाशातल्या स्वतःच्या सरकण्याने) ती मागेपुढे सरकवून घ्यावीत.

अंतर हा या अर्काइव्हचा खरा ऐवज. सिग्नस एक्स-१ या कृष्णविवर द्वैतीचा सहचर एचडीई २२६८६८ हा नवव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) ओ-वर्गीय, म्हणजे अतिशय तप्त, महातारा आहे. २०११ च्या रेडिओ मोजणीत त्याचे अंतर १.८६ किलोपारसेक (एक किलोपारसेक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षे) आले होते, गायाने ते जास्त दाखवले. कक्षीय डुलणे हिशेबात धरून २०२१ मध्ये रेडिओ मोजणी नव्याने झाली तेव्हा २.२२ किलोपारसेक निघाले, आणि कृष्णविवराचे वस्तुमान १५ वरून २१ सूर्यांवर गेले. अंतर वाढले की ताऱ्याची तेजस्विता आणि त्रिज्या वाढते, पाठोपाठ वस्तुमानही.

मंद ताऱ्यांचे गणित वेगळे. विसाव्या प्रतीला पॅरॅलॅक्सची (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याचे दिसणारे सरकणे, ज्यावरून अंतर निघते) अनिश्चितता सुमारे ०.५ मिलीआर्कसेकंद आहे, म्हणजे दोन किलोपारसेकवरच्या ताऱ्याच्या पॅरॅलॅक्सएवढीच! अशा वेळी एक भागिले पॅरॅलॅक्स करून अंतर काढणे निरर्थक. पॅरॅलॅक्स ऋणही येतो. तयार बेझियन (आधीच्या गृहीतकाशी मोजणी जोडून काढलेली) अंतरे मिळतात, पण त्यांमागचे गृहीतक सर्वसाधारण ताऱ्यांचे असते, म्हणून मंद ताऱ्याला जे अंतर मिळते ते मोजणीपेक्षा त्या गृहीतकाचेच जास्त असते. शून्यबिंदूची, म्हणजे पॅरॅलॅक्समधल्या पद्धतशीर तफावतीची, दुरुस्ती (तफावत सरासरी −०.०१७ मिलीआर्कसेकंद, पण तेज, रंग आणि स्थानानुसार बदलणारी) विसरू नये. आरयूडब्ल्यूई (एकट्या ताऱ्याच्या हालचालीचे गणित मोजणीशी किती जुळते ते सांगणारा आकडा) १.४ च्या वर असेल तर ती जुळणी संशयास्पद समजावी.

तापमान आणि त्रिज्येचे रकाने मात्र सरळ सोडून द्यावेत. ते एकाच ताऱ्याचा प्रकाश गृहीत धरतात. इथे त्यात सोबत्याभोवतीच्या तप्त वायूच्या तबकडीचा निळसर प्रकाश मिसळलेला असतो, त्यामुळे के-वर्गीय, म्हणजे तुलनेने थंड, सहचरही खोटाच तापलेला दिसू शकतो. सरासरी तेजाबाबतही तसेच: व्ही४०४ सिग्नी या कृष्णविवर द्वैतीचा जून २०१५ चा उद्रेक गायाच्या निरीक्षणकाळातच येतो.

त्रिज्य वेगासाठी (आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर जाण्याच्या वेगासाठी) वेगळा वर्णपट घ्यावाच लागतो. डीआर३ मध्ये वेग सुमारे चौदाव्या प्रतीपर्यंतच्या आणि १४,५०० केल्विनपेक्षा थंड ताऱ्यांचेच आहेत. म्हणजे मंद के-बटू सुटतात आणि ओ-महातारेही. शिवाय जो आकडा मिळतो तो सगळ्या निरीक्षणांचा एकच. व्ही४०४ चा सहचर ६.४७ दिवसांच्या कक्षेत सेकंदाला सुमारे २०८ किलोमीटरने पुढेमागे डोलतो, त्याला एकाच आकड्याचा काय उपयोग? प्रत्येक निरीक्षणाचा स्वतंत्र विदा चौथ्या प्रकाशनात येणार आहे.