शॅल लिहायचं की मस्ट? (आणि मग शुड, मे चं काय)

टेंडर, ॲग्रीमेंट नाहीतर कंपनीची एसओपी (काम कसं करायचं याची ठरलेली पद्धत) इंग्रजीत लिहायला बसलं की ही गडबड होतेच. सगळेच शब्द थोडेफार सारखे वाटतात आणि मग माणूस कानाला भारी वाटणारा शॅल दिसेल तिथे ठोकत सुटतो.

आधी कागद कुठला ते बघा. आयएसओच्या (आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) धर्तीवर स्टँडर्ड लिहिताय? मग शॅलच, वाद नको, कारण तिथे शॅल म्हणजे बंधनकारक, शुड म्हणजे शिफारस, मे म्हणजे परवानगी असं ठरलेलंच आहे आणि मस्ट फक्त बाहेरून लादलेल्या अटींसाठी, उदा. कायदा. सॉफ्टवेअरवाल्यांचं वेगळं. 1997 च्या आरएफसी 2119 मध्ये (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत हे शब्द कसे वापरायचे ते सांगणारा कागद) मस्ट आणि शॅल एकच, आणि शुड म्हणजे सबळ कारण असेल तर सोडा, पण परिणाम समजून.

खरी मारामारी करारात. शॅल दोन-दोन कामं करतो हो. आपल्या घटनेचंच बघा, कलम 14 मधलं 'द स्टेट शॅल नॉट डिनाय' हा सरकारला सरळ हुकूम, पण कलम 52 चं 'देअर शॅल बी अ प्रेसिडेंट ऑफ इंडिया' यात कोणाला काम सांगितलेलं नाही, नुसतं पद निर्माण केलंय. घटनेला ते शोभतं. तुमच्या करारात 'धिस ॲग्रीमेंट शॅल कमेन्स' कशाला? करार काय कोणाचा हुकूम ऐकून सुरू होणारे का, साधं 'कमेन्सेस' लिहा की. अमेरिकेत 2007 मध्ये फेडरल कोर्टांचे दिवाणी प्रक्रियेचे नियम नव्याने लिहिले तेव्हा शॅल काढून जागा बघून मस्ट, मे, शुड घातले. आपल्याकडे तर कोर्ट संदर्भ बघून कधी मे ला पण शॅल धरतं, त्यामुळे नुसत्या शब्दाच्या भरवशावर राहू नका.

माझं मत विचाराल तर जुना टेम्प्लेट शॅलचा असेल तर राहू द्या, फक्त ज्या पार्टीने काही करायचंय तिथेच ठेवा. नवीन पॉलिसी किंवा कर्मचाऱ्यांसाठी नोटीस असेल तर सरळ मस्ट, वाचणाऱ्याला लगेच कळतं. एकाच कागदात दोन्ही मात्र नको, समोरचा वकील विचारणारच की फरक काय.

आणि 'मे नॉट' तर टाळाच. 'एम्प्लॉयीज मे नॉट अटेंड' म्हणजे यायला बंदी, की नाही आले तरी चालेल? बंदी असेल तर मस्ट नॉट, सूट असेल तर नीड नॉट.