ॲडवक्लीनर सात महिने वापरल्यावर, आणि क्रोममधली ती एक ओळ

एका पतसंस्थेचा ६४ पानी वार्षिक अहवाल हातात होता, प्रूफ दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं आणि क्रोममध्ये काहीही शोधलं की गूगलऐवजी भलतंच पान उघडत होतं. पांढरं पान, वर भिंगाचं चित्र, खाली जाहिरातीच जाहिराती. पत्त्याच्या पट्टीत आधी एक नाव चमकून जायचं, मग दुसरं, आणि तिसऱ्यावर येऊन पान थांबायचं. गेल्या जूनमधली ही गोष्ट. तेव्हापासून मी ॲडवक्लीनर वापरते आहे, म्हणजे असले घुसखोर प्रोग्राम शोधून साफ करणारं साधन. जुलैतच लिहिणार होते, पण लिहिलं नाही ते बरं झालं, कारण तेव्हाचं माझं मत आता राहिलेलं नाही.

मी ठाण्यात चरईत राहते, घरूनच डीटीपीची कामं करते. संगणक २०१७ चा, आय-थ्री, ८ जीबी रॅम, विंडोज १०. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, पीडीएफचं वर्ड करायचं, हे माझं रोजचं काम. त्यासाठी फुकटचा कन्व्हर्टर शोधत होते. निकालात सगळ्यात वर जाहिरात होती, तिच्यावरच क्लिक केलं. त्या पानावर डाउनलोडची तीन बटणं होती. मोठं हिरवं दाबलं. इन्स्टॉल होताना 'एक्स्प्रेस' आणि 'कस्टम' असं विचारलं, घाईत एक्स्प्रेस म्हटलं. कन्व्हर्टरने मराठीची पार वाट लावली, रफार एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे. कामाला तो आला नाहीच, वर त्याच्या पोटातून हायजॅकर आला, म्हणजे शोधाचं पान पळवणारा प्रोग्राम.

गोखले रोडजवळच्या ज्या दुकानात मी वर्षानुवर्षं जाते, तिथल्या मुलाने मशीन उघडूनही बघितलं नाही. "काकी, फॉरमॅट मारावं लागेल. पंधराशे होतील, डेटा बॅकअपचे वेगळे." शिवाय अँटिव्हायरसची वर्षाची चावी घ्या म्हणाला. पंधराशे रुपये म्हणजे माझ्या हिशेबाने पन्नास पानांचं टायपिंग. पैसे एक वेळ दिलेही असते, पण फॉरमॅट म्हणजे माझे फॉन्ट, कीबोर्डची मांडणी, प्रिंटरच्या सेटिंग, सगळं पहिल्यापासून. ब्राउझरला लागलेल्या दुखण्यासाठी अख्खं मशीन पुसायचं हे मला पटेना. मशीन रिक्षात घालून परत घरी आणलं.

भाचा ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. तो म्हणाला, "मावशी, आधी ॲडवक्लीनर चालव. फक्त त्यांच्याच साइटवरून घे, दुसरीकडून नको." हे साधन मुळात एका फ्रेंच प्रोग्रामरने बनवलेलं, २०१६ मध्ये मालवेअरबाइट्स या कंपनीने ते घेतलं. फुकट आहे, दहा एमबीचंही नाही आणि इन्स्टॉल करावं लागत नाही, फाइल उघडली की चालू. टूलबार, जाहिरातखोर प्रोग्राम, शोधाचं पान पळवणारे हायजॅकर यांच्यासाठीच ते आहे. सर्वसाधारण अँटिव्हायरसची जागा ते घेत नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही.

पहिल्या स्कॅनला पाच मिनिटंही लागली नाहीत. ३८ नोंदी सापडल्या: फोल्डर, रजिस्ट्रीतल्या (विंडोज आपल्या सेटिंग जिथे लिहून ठेवतं तिथल्या) किल्ल्या, क्रोमच्या शॉर्टकटला मागून चिकटवलेला एक पत्ता. साफ करण्याआधी ते सगळे उघडे प्रोग्राम बंद करतं, तसं आधी सांगतंही. अहवालाची फाइल सेव्ह करून हो म्हटलं. मशीन पुन्हा सुरू झालं आणि गूगल परत आलं. एक सूचना इथेच देते: यादीत 'प्रीइन्स्टॉल्ड सॉफ्टवेअर' असा वेगळा भाग येतो. मशीन बनवणाऱ्या कंपनीने आधीपासून घातलेले प्रोग्राम त्यात असतात. ते हायजॅकर नव्हेत. मी त्यांच्यावर खूण केली नाही, तुम्हीही डोळे झाकून सगळं निवडू नका.

त्या रात्री अहवाल पुरा केला आणि बहिणीला, वहिनीला, दोन गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं, पाच मिनिटांत काम होतं, दुकानात जाऊ नका.

चौथ्या दिवशी सकाळी तेच पांढरं पान, तेच भिंग.

पुन्हा स्कॅन केलं, पुन्हा साफ केलं. दुपारी वीज गेली, आल्यावर मशीन सुरू केलं तर पुन्हा तेच. असं तीनदा झालं. मला इतका संताप आला की दुकानातल्या मुलाचं म्हणणं खरं मानून पंधराशे बाजूला काढूनही ठेवले होते. ज्यांना फोन केले होते त्यांना आता काय सांगायचं, ही टोचणी वेगळीच.

आणि मग ती ओळ दिसली. क्रोममध्ये उजवीकडे वर तीन टिंबं असतात, ती दाबल्यावर यादीच्या अगदी तळाशी लिहिलेलं होतं: 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन'. तुमचा ब्राउझर तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहे. माझ्या घरात कुठली आली संस्था? मशीन माझ्या पैशाने घेतलेलं, खातं माझं. ही ओळ किती दिवस तिथे होती कोण जाणे. रोज दहा वेळा त्या यादीत जाऊनही ती मी वाचली नव्हती.

पुढचे दोन दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मोठ्या कंपन्यांना शेकडो संगणकांवर एकसारखे नियम लावायचे असतात, म्हणून क्रोममध्ये 'पॉलिसी'ची सोय असते. विंडोजच्या रजिस्ट्रीत 'पॉलिसीज' नावाची जागा आहे, तिथे गूगलच्या खाली क्रोमच्या नावाने नियम लिहिला की ब्राउझर तो मुकाट्याने पाळतो. त्यातला एक नियम 'अमुक एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) सक्तीने बसवा' असा असतो. तसं बसवलेलं एक्स्टेन्शन वापरणाऱ्याला काढता येत नाही. ऑफिसात हे बरोबर आहे. पण हायजॅकरनेही हीच जागा वापरली. माझ्या एक्स्टेन्शनच्या यादीत एक अनोळखी नाव होतं, त्याला 'रिमूव्ह'चं बटणच नव्हतं, आणि त्याच्या परवानग्यांत लिहिलं होतं की सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा डेटा ते वाचू आणि बदलू शकतं. सगळ्या म्हणजे बँकेची आली, आयकराची आली, गिऱ्हाइकांची कागदपत्रं येतात ती ईमेलही आली. जाहिराती दाखवणारा आणि पाळत ठेवणारा यांच्यातली भिंत किती पातळ असते हे मला तेव्हा कळलं.

ही ओळ दिसली म्हणजे हायजॅकर आहेच असं नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर ती असायचीच, आणि काही चांगले प्रोग्रामही असा एखादा नियम लिहितात. खात्री करायला पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी असं इंग्रजीत टाइप करायचं. लागू असलेले सगळे नियम दिसतात. माझ्याकडे दोन होते: एक्स्टेन्शन सक्तीने बसवण्याचा आणि शोधाचं पान बदलण्याचा.

उपाय ॲडवक्लीनरमध्येच होता. सेटिंगमध्ये 'रीसेट क्रोम पॉलिसीज' असं एक बटण आहे. ते चालू केल्यावरच साफसफाईत हे नियम पुसले जातात; मी चालू केलंच नव्हतं. तिथेच प्रॉक्सी आणि होस्ट्स फाइल (इंटरनेटची वाट ठरवणाऱ्या सेटिंग) पूर्ववत करण्याचीही बटणं आहेत. पॉलिसीचं बटण चालू केलं, साफ केलं, मशीन पुन्हा सुरू केलं. ओळ गेली. मी प्रत्येक तासाला जाऊन बघत होते. रात्री झोपताना नव्हती. सकाळी मशीन लावलं, ओळ परत.

तेव्हा भाचा रविवारी स्वतः आला. त्याने टास्क शेड्युलर उघडलं. विंडोजमध्ये ठरावीक वेळी ठरावीक काम करून घ्यायची ही सोय आहे. 'अपडेट'सारखं साळसूद नाव असलेलं एक काम तिथे होतं. लॉग-इन झालं की ते चालायचं आणि पॉवरशेलकडून, म्हणजे विंडोजमधल्या हुकूम चालवणाऱ्या प्रोग्रामकडून, एक स्क्रिप्ट (हुकमांची यादी) चालवून घ्यायचं. ती स्क्रिप्ट नियम पुन्हा लिहायची, नियम एक्स्टेन्शन पुन्हा आणायचा. मी रोज केर काढत होते आणि केर आणणारा घरातच बसलेला होता. भाच्याने सांगितलं, हे काही माझ्याच वाट्याला आलेलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये रीझनलॅब्स या कंपनीने अगदी अशाच प्रकाराची माहिती प्रसिद्ध केली होती: नकली डाउनलोड साइट, शेड्युल्ड टास्क, पॉवरशेल, मग क्रोम आणि मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर एज, दोन्हींत सक्तीचं एक्स्टेन्शन. त्यांच्या अंदाजाने किमान ३ लाख लोकांना ते लागलं होतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी ते काम बंद केलं आणि त्याची स्क्रिप्ट काढली, मग पॉलिसीचं बटण चालू ठेवून ॲडवक्लीनर, मग रीस्टार्ट. आम्ही उलट करत होतो म्हणून रोज परत येत होतं. शेड्युलरमध्ये दिसेल ते मात्र उडवू नका. मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरमधल्या कामांना हात लावायचा नाही. शंका आली तर आधी 'डिसेबल' करा, दोन दिवस बघा, मग काढा.

तेव्हापासून ती ओळ आलेली नाही. ॲडवक्लीनरबद्दलचं माझं आताचं मत असं: साधन चोख आहे, पण ते दिसलेलं साफ करतं, राखण करत नाही. दोन मिनिटं देऊन सेटिंग वाचली असती तर माझा आठवडा वाचला असता. पाचपैकी चार देते, आणि ते चार त्या एका बटणासाठी.

राखणीचं काम विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर करतो, आणि त्याच्याबद्दल मी आधी फार चुकीचं बोलत असे. विंडोजबरोबर फुकट आलेलं, त्यात काय दम असणार, असं वाटायचं. माझ्याकडे मशीनबरोबर आलेला एक अँटिव्हायरस होता, त्याची मुदत कधीच संपलेली. तो काढून टाकल्यावर डिफेंडर आपोआप सुरू झाला. मग विंडोज सिक्युरिटीत 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये जाऊन 'पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग' चालू केलं. कन्व्हर्टरच्या पोटातून येणारे प्रोग्राम याच सदरात मोडतात. सप्टेंबरमध्ये एका गिऱ्हाइकाने पाठवलेला फॉन्टचा इन्स्टॉलर त्याने दारातच अडवला. त्या दिवशी मला फार समाधान वाटलं. 'ऑफलाइन स्कॅन'ही एकदा करून घ्या. मशीन बंद होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच ते तपासतं, साधारण पंधरा मिनिटं लागतात. माझ्याकडे काही निघालं नाही, पण त्यानंतर मला शांत झोप लागली.

पासवर्ड सगळे बदलले, तेही फोनवरून, मशीन साफ व्हायची वाट न बघता. लागण झालेल्या संगणकावर नवा पासवर्ड टाइप करणं म्हणजे तो त्यांच्या हातात देणं. गूगल खात्यातून बाकीची सगळी उपकरणं साइन-आउट केली.

आमच्या ह्यांचं एक राहिलंच. जुलैत त्यांच्या लॉग-इनमध्ये उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस आहेत' अशा पाट्या येऊ लागल्या, खाली फोन नंबर. ते नंबर फिरवणारच होते, मी रिसीव्हर हातातून घेतला. स्कॅनमध्ये काहीच नव्हतं. तो व्हायरस नव्हताच. कुठल्यातरी क्रिकेटच्या साइटवर नोटिफिकेशनला 'अलाउ' म्हटलं गेलं होतं. क्रोमच्या साइट सेटिंगमधून त्या साइटची परवानगी काढली, पाट्या बंद. स्क्रीनवर आलेल्या नंबरला फोन करायचा नाही हे मी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलंय. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवायचं, हेही त्याच कागदावर आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. माझा प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाही. नवं मशीन घेण्याइतके पैसे सध्या नाहीत, म्हणून विंडोज अपडेटमधूनच वाढीव सुरक्षेची नोंदणी केली. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की ती फुकट मिळते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तोवर पैसे साठवीन.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ॲडवक्लीनर चालवते. शेवटच्या चार महिन्यांत शून्य. कन्व्हर्टर शोधणं सोडलं. जुन्या फॉन्टचा मजकूर आला की सरळ पुन्हा टाइप करण्याचे पैसे सांगते. आणि रोज सकाळी क्रोम उघडलं की आधी तीन टिंबं दाबून यादीचा तळ बघते.

काल नणंदेने घणसोलीहून फोटो पाठवलाय. तिच्या घरच्या लॅपटॉपवर शोधाचं पान बदललंय, आणि तीन टिंबांखाली तीच ओळ आहे. शनिवारी जाते आहे. तोवर त्यावर बँक उघडू नकोस आणि दुकानात नेऊ नकोस, एवढं तिला सांगून ठेवलंय.